ब्रेक म्हणजे हापसा नव्हे

"दोन पंप मारले की लागतो."

हे वाक्य ज्या माणसानं पहिल्यांदा उच्चारलं, त्याचा मी या दिवाळी अंकातून जाहीर निषेध करतो. तो कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण त्याचे वारसदार नांदेडपासून लातूरपर्यंत पसरलेत आणि त्यातले निम्मेअर्धे आमच्या गॅरेजवर येतात. गाडी लावतात, खाली उतरतात, आणि लेकराची खोडी सांगावी तशा कौतुकानं सांगतात, "बाकी काही न्हाई दादा, ब्रेक जरा नरम हाय. दोन पंप मारले की लागतो." मग आलाय कशाला बाबा? तर हॉर्न बदलायचा असतो. हॉर्न जोरात वाजला पाहिजे. बरोबरच आहे. थांबता येत नसेल तर ओरडता तरी आलं पाहिजे.

संपादक म्हणाले, धंद्यातल्या आठवणी लिहा, जरा हलक्याफुलक्या. आता आठवणी लिहायचं माझं वय नाही आणि हलकंफुलकं मला जमत नाही. कॉलेजात होतो तेव्हा मी पत्रकं लिहायचो. वसतिगृहाचं पाणी, एस.टी.चा पास, लायब्ररीचं कुलूप, जे सापडेल त्यावर. बादलीत खळ, काखेत गठ्ठा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही, आणि एके दिवशी रऊफचाचांच्या गॅरेजात मोटारसायकल दुरुस्त होईपर्यंत बसलो तो अजून उठलेलो नाही. नांदेडात अर्धापूर रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. ते माझे उस्ताद. मला नावानं हाक मारायचं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं. "लीडर" म्हणतात.

तर ब्रेक. परक्याला हे प्रकरण समजावणं अवघड असतं, पण आपल्याकडं असू नये, कारण आपण सगळे हापशावर वाढलोय. हापशाच्या नळीत खाली एक वाशर असतं. ते नळीला घट्ट बसलेलं असलं की दांडा एकदा हाणला तरी पाणी वर येतं. वाशर झिजलं की पाणी बाजूनं निसटतं. मग दांडा हाणत बसायचं, दहा रिकामे, एक भरलेला. गाडीच्या ब्रेकमध्येही हेच आहे. पायाखाली पेडल, पेडलच्या पुढं मास्टर सिलिंडर नावाची छोटी नळी, तिच्यात रबरी वाशर. पाय दाबला की वाशर तेलाला ढकलतं, तेल बारीक पाइपांतून चारी चाकांपर्यंत जातं आणि चाक आवळलं जातं. तेल दबत नाही. म्हणून पायानं सांगितलेलं चाकाला तसंच्या तसं कळतं. सगळी मेख या एका गोष्टीत आहे.

आता नरम पेडलच्या तऱ्हा. पेडल स्पंजासारखं लागतं, दाबलं की दबतं आणि उचलून देतं: तेलात हवा शिरलीय. हवा दबते, तेल दबत नाही. तुमचा पाय हवा दाबण्यात खर्च होतो. पेडल खूप खाली जातं पण दोनदा मारलं की वर येऊन घट्ट होतं: बहुतेक मागच्या चाकातलं, चाक आवळणारं लायनर झिजून लांब गेलंय. आणि तिसरी तऱ्हा, सगळ्यांत चोरटी. पेडल लागतं, चांगलं लागतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली जात राहतं, दलदलीत गेल्यासारखं. बाहेर तेलाचा थेंब नाही. मास्टरवरच्या छोट्या टाकीतलं तेल तेवढंच्या तेवढं. कारण गळती आतच आहे. मास्टरमधलं वाशर गेलंय. तेल त्याच्या बाजूनं निसटून माघारी येतंय.

तीन तऱ्हा, तीन आजार, आणि जनतेचं औषध एकच. दोन पंप मारा.

अर्धापूरचा एक केळीवाला पिकअप घेऊन आला होता. मागच्या टायरची आतली बाजू तेलानं चिंब. म्हटलं, चाकातलं सिलिंडर गळतंय, कधीपासून? म्हणाला, गळतंय तर गळू दे, मी रोज वरून तेल टाकतो की. कोणतं? तर इंजिनचं. ब्रेकमधले सगळे रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगले होते.

मी म्हटलं, "अहो, हे तेल येगळं, ते तेल येगळं!"

"तेल ते तेल," तो म्हणाला.

"मग उद्या भाजीला डिझेलची फोडणी देऊ का?"

"भाजीचं येगळं असतंय, दादा," त्यानं मला शांतपणे समजावलं.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी पत्रक काढलं. 'ब्रेक म्हणजे हापसा नव्हे!' लाल शाई, जाड ठसा. 'वाहनचालक बंधूंनो, रिकामे पंप सहन करणं बंद करा! एका पायात गाडी थांबली पाहिजे, हा तुमचा हक्क आहे!' स्टँडवर वाटलं, पेट्रोल पंपांवर वाटलं, ढाब्यांवर चिकटवलं. आठवड्यानं त्याच रस्त्यानं गेलो तर एका ढाब्यावर त्यात भजी बांधून मिळाली. एक जीपवाला मात्र मुद्दाम गॅरेजवर आला, हात मिळवला. "दादा, लई जहाल लिहिलंय. गाडीत समोर लावून ठेवलंय." मी हळूच त्याचं पेडल दाबून बघितलं. दोन पंपांनी लागलं.

चाचा म्हणाले, "लीडर, लोगां पढते नहीं रे. लोगां के पाँव पढते."

मला तेव्हा ते वाक्य उगाच शहाणपणाचं वाटलं. उस्ताद लोकांना असली वाक्यं बोलायची सवय असते.

मग बालाजी आला. लातूरच्या एका अप्पांच्या गाडीवर ड्रायव्हर. अप्पा नांदेडला नात्यातल्या लग्नाला आले होते. त्यांना मंगल कार्यालयात सोडून हा गाडी घेऊन थेट आमच्याकडं. मालकाला न सांगता. उतरला तोच घाम पुसत.

"दादा, ब्रेक बघा. पाय ठेवला की खाली जातंय."

मी म्हटलं, "दोन पंप मारत असशील."

"हाव. वरीसभर मारून राहिलो. मला काय न्हाई, मला सवय हाय. पण सोमवारपासनं मी लातूरला सिटी बसवर चाललो, नोकरी लागली. गाडी वैनी चालवणार. अप्पांची सून. लेकरं शाळेत सोडायला. आत्ता शिकल्यात त्या." त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "मी त्यांना सांगायला गेलो, वैनी, दोन पंप मारत जा. अन् माझ्या तोंडातनं निघंचना. मला सवय हाय म्हून मी मारतो. त्यांना कशाला लावायची?"

एवढ्या वर्षांत कुणाच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. आमच्याकडं गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा किल्लीबरोबर हा मंत्रही दिला जातो. गिअर जरा ओढून टाक, डावी काच हातानं वर कर, ब्रेकला दोन पंप. घेणारा मान हलवतो. कुणी विचारत नाही, का? पहाटे हापशावर पहिला येणारा रिकामे दांडे हाणतोच, तसं.

चाचांनी गाडीभोवती फेरी मारली. चारी टायरच्या आतल्या बाजू कोरड्या. पाइप कोरडे. टाकीत तेल बरोबर खुणेवर. मी बसलो, इंजिन चालू, पाय हलका ठेवला. पेडल लागलं आणि मग पायाखालची जमीन सरकावी तसं सरकत गेलं. जोरात मारलं तर थांबायचं. हळू दाबलं की फसवायचं. यात काही जादू नाही. जोर आला की झिजलेलं वाशरही नळीला चिकटतं, हलक्या दाबाला तेल निसटू देतं. बालाजीचा पाय जोराचा होता, म्हणून वर्षभर निभावलं. पण नव्यानं शिकलेलं माणूस ब्रेक कसा दाबतं? हळूच दाबतं. त्याला तसंच शिकवलेलं असतं.

खात्री करायला चाचांनी मास्टरला जोडलेले पाइप सोडवले आणि त्याच्या तोंडांना बुचं मारली. म्हणजे तेलाला चाकाकडं जायला रस्ताच नाही. वाशर धड असेल तर पेडल आता दगड व्हायला पाहिजे. मी पाय ठेवला. गेलं खाली. "होगया मुकदमा," चाचा म्हणाले. पाइप परत जोडले, बालाजीला म्हणाले, मालकाला फोन लाव.

मालक फोनवर थांबले नाहीत, ऑटोनं आले. कपाळावर विभूती, अंगावर लग्नातला झब्बा, शर्यतीत धावल्यासारखे धापा टाकत.

"बाल्या! गाडीला हात लावायला कुणी सांगितलं तुला?"

बालाजी खाली बघत उभा राहिला. मी पुढं झालो. "अप्पा, तुमच्या गाडीचा मास्टर गेलाय."

"काही गेला बिला न्हाई. सकाळी लातूरहून आलोय ह्याच गाडीत. अहमदपूर झालं, लोहा झालं, काय झालं? दोन पंप मारले की लागतो."

बस. ठिणगी पडली. मी पत्रकाच्या आवाजात सुरू झालो. हापसा, वाशर, नळी, निसटणारं तेल, मराठवाड्याची सोशिकता, सगळं काढलं. आम्ही नळाला पाणी आलं नाही तरी वाट बघतो, ऑफिसात साहेब नसला तरी उद्या येतो म्हणतो, आणि ब्रेक लागला नाही तर परत दाबतो! अजून किती दाबायचं?

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाशर मला शिकवून राहिला का तू? लातूरला माझं दुकान हाय. फवारणीचे पंप, हापशाचं सामान. अर्ध्या जिल्ह्याला वाशर मी देतो."

"मग तर तुम्हाला कळायलाच पाहिजे!"

"तेल कमी झालं का? न्हाई. कुठं थेंब पडला का? न्हाई. मग वाशर कसं गेलं? अन् ऐक, चालत्या गाडीला पाना लावू नये. लावला की ती मागंच लागती. गाडी दे. दिवे लागायच्या आत पूजेला घरी पाहिजे मला."

मी परत सुरू केलं. आतली गळती, बाहेरची गळती. अप्पांनी भिंतीवरचं माझं पत्रक बघितलं, एक कोपरा फाडला आणि गाडीच्या बॉनेटला लागलेलं बोट त्याला पुसलं. खोटं सांगत नाही. माझ्या समोर.

चाचा बाजूला पाने पुसत होते. एका शब्दानं मदत नाही. बालाजी एवढंच म्हणाला, "अप्पा, वैनी हळू दाबतात हो."

"तिला सांगू. जोरात दाब म्हणून सांगू."

"अन् लेकरू मधी आलं तर? तवा कुणाला आठवणार हाय, जोरात का हळू?"

"तू गप. सोमवारी चाललास न्हवं सोडून?"

इथं माझा तोल गेला. मी गाडीचं दार उघडलं आणि म्हटलं, "या अप्पा. बसा. इंजिन चालू करतो. पाय ठेवा ब्रेकवर, हलका, सूनबाई ठेवतील तसा. उचलू नका. आणि बसल्या बसल्या देवाचं नाव घ्या. तसंबी सोमवारपासून घरात सगळ्यांना तेच करायचंय!"

"लीडर, जबान संभाल," चाचा म्हणाले.

मलाही कळलं, जरा जास्त झालं. मी फक्त टोमणा मारला होता. पण अप्पा खरंच बसले. रागात बसले, पण बसले. बहुतेक मला खोटं पाडायला. झब्ब्याच्या आत गळ्यातल्या लिंगावर उजवा हात ठेवला, डोळे मिटले, पाय पेडलवर ठेवला आणि जप सुरू केला. देवाचं नाव आलं तसं अप्पांचं अंग आपोआप सैल झालं. पायही. देवापुढं कुणी जोर लावून बसत नाही.

ॐ नमः शिवाय. ॐ नमः शिवाय.

आम्ही तिघं त्यांच्या गुडघ्याकडं बघत होतो. गुडघा वाकलेला होता. तो हळूहळू सरळ व्हायला लागला. अप्पांच्या तोंडाचा ताल तोच, आवाज तोच, आणि पाय निघाला खाली. हातात माळ असती तर चार मणीही सरले नसते, तोवर पेडल तळाला टेकलं आणि जप तोंडात थांबला.

अप्पांनी डोळे उघडले. पायाकडं बघितलं. पाय उचलला, जोरात मारला: लागलं. उचलला, हलका ठेवला: गेलं. परत केलं. परत. मला बोलायची फार इच्छा होती. चाचांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

अप्पा उतरले. झब्बा झटकला. आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगतात त्या आवाजात, मला, हो, मला, म्हणाले, "वाशर गेलंय."

"हो का," मी म्हटलं.

"आतून निसटतंय. म्हणून बाहेर दिसत न्हाई. फवारणीच्या पंपाचं अगदी असंच होतंय. तुम्हा पोरांना हे आधी कळायला पाहिजे होतं."

मी चाचांकडं बघितलं. चाचा पत्र्याकडं बघत होते, पण त्यांची दाढी हलत होती.

"हौ अप्पा," ते म्हणाले, "आप बोले तो समझा."

मग अप्पा तिथंच खुर्ची ओढून बसले आणि सगळं काम डोळ्यांत तेल घालून बघितलं. पूजेचं नाव काढलं नाही. नवा मास्टर आणला. तो लावण्याआधी पकडीत धरून, तेल भरून, त्यातली हवा काढावी लागते; घाईतले लोक हे सोडतात आणि मग पेडल नरम म्हणून गाडी परत येते. अप्पांनी विचारलं, का? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हापशाला आधी पाणी पाजतात, तसं." बरोबरच होतं.

शेवटी चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढणं. एकजण आत पेडलवर, एकजण चाकाशी. चाचा चाकाशी, बालाजी आत.

"दबा. पकड. मैं बोलूँ तबीच छोड."

बालाजीनं दाबलं, सोडलं, दाबलं.

"अरे पकड बोला ना! ये क्या हापसा मार रा?"

"सवय हाय चाचा."

"सवय को नक्को बोल. मैं बोलूँ तो छोड."

चाकाशी हवा काढायच्या निपलमधून आधी फेस आला, काळं तेल आलं, मग स्वच्छ धार आली. मी पेडलवर पाय ठेवला. वरच्या वर, घट्ट. पाय तसाच ठेवून बसलो. जपाची गरज पडली नाही. या धंद्यात मला जो काही अभिमान आहे, तो त्या एका जाणिवेचा आहे: पाय ठेवला आणि पायाखाली काहीतरी ठाम आहे. पत्रक लिहून असं कधी वाटलं नाही. सांगताना थोडं वाईट वाटतं, कारण माझी पत्रकं वाईट नव्हती.

गाडी निघाली. अप्पा पुढच्या सीटवर, बालाजी स्टिअरिंगवर. फाटकाशी रस्त्यावर ऑटो आडवा आला आणि बालाजीनं सवयीनं मारले: धाड, धाड. नव्या ब्रेकला पहिलाच पाय पुरेसा होता. गाडी जागच्या जागी खिळली, अप्पा पुढं आपटता आपटता वाचले, आणि त्यांनी बालाजीच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की ऑटोवाला आपला दोष विसरून ऐकत उभा राहिला.

"एकच मार की रं! एकच!" अप्पा ओरडत होते.

मी फाटकात उभा राहून मनात म्हटलं, गाडी दुरुस्त झाली. पाय राहिला.

बालाजी नंतर एकदा नांदेडला भेटला. आता सिटी बस चालवतो. सांगत होता, बसचा ब्रेक हवेवर चालतो, दोन पंप मारायची सोय नाही, पहिले काही दिवस प्रवासी त्याला रोज शिव्या घालायचे. मी म्हटलं, चांगलं झालं. तो म्हणाला, "तुम्हाला काय, तुमी लिहिता नुसतं."

आणि मध्यंतरी अप्पांची गाडी परत आली. सर्व्हिसिंगला. या खेपेला चालवत होत्या त्यांच्या सूनबाई. लातूरहून नांदेडपर्यंत स्वतः आणली. अप्पा शेजारी बसलेले, मागं दोन लेकरं, एकाच्या हातात कणीस.

आमच्या फाटकातून आत यायला उतार आहे. चाचांनी तिथंच मधोमध पान्यांची पेटी ठेवलेली, नेहमीसारखी. सूनबाईंना ती उतारावर आल्यावर दिसली. गडबडल्या नाहीत. शिकवलं तसं, हळूच, पाय ठेवला. एकदाच. गाडी मऊ थांबली, पेटीच्या वीतभर अलीकडं. दोन पंप म्हणजे काय, हे त्या पोरीला माहीतच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मते अशी ती या भागातली पहिलीच ड्रायव्हर असेल, आणि तिच्यासाठी मी एकही पत्रक काढलेलं नाही.

मी पुढं होऊन अप्पांच्या बाजूचं दार उघडलं. अप्पांनी एक हात डॅशबोर्डवर रोवला होता, गाडी केव्हाच थांबली होती, आणि त्यांचा उजवा पाय समोरच्या पायपुसणीवर अजून चाललाच होता. दाब, सोड. दाब, सोड.

सूनबाईंनी किल्ली काढली आणि वळून म्हणाल्या, "अप्पा, तिकडं ब्रेक न्हाई हो."